दुपारच्या भोंग्याची आई

कौतिका भालेकरच्या पोरीनं भुईवर अंग टाकून आकांत केला म्हणजे पिंपळतळ्यात दुपारचे बारा वाजत. त्याच्याआधी वाजत नसत.

पूर्वी नगरपरिषदेच्या गच्चीवर लोखंडी भोंगा होता. बटण दाबलं की तो वेशीपासून स्मशानापर्यंत ऐकू जायचा आणि गाव जेवायला बसायचं. शाळेची सुट्टी व्हायची, विडी कारखान्यातल्या बाया मांडीवरची सुपं खाली ठेवायच्या, दुकानदार अर्धं शटर ओढायचे. घड्याळं होती लोकांकडे, नव्हती असं नाही. पण घड्याळ ज्याचं त्याचं, भोंगा गावाचा. भोंगा झाल्याशिवाय गावात बारा धरू नयेत, असा नगरपरिषदेचा जुना ठरावच होता.

एका बुधवारी भोंग्याची मोटर जळाली. गणपत शिरसाटानं बटण दाबलं, परत दाबलं, नुसती घरघर झाली. अठ्ठावीस वर्षं तेच एक बटण दाबत आलेला माणूस तो. कपाळाला हात लावून गच्चीवरच बसला. तेवढ्यात खालच्या विडीगल्लीतून आवाज उठला.

कौतिकाची दुर्वा अडीच वर्षांची. त्या दिवशी तिची भाकरी मोडली होती. कौतिकानंच मोडून दिली होती. दुर्वाला ती परत अख्खी पाहिजे होती. दुसरी नको, हीच, आणि अख्खी. ती उताणी पडली, टाचा आपटल्या, श्वास आत ओढून ओठ निळे केले, आणि मग जो सूर लावला तो वेशीपासून स्मशानापर्यंत गेला. गाव जेवायला बसलं. कुणी मान वर करूनही बघितलं नाही.

गुरुवारी तिला मोरीतून वाहून गेलेलं आंघोळीचं पाणी परत अंगावर पाहिजे होतं. शुक्रवारी बाप पायात घालून गेलेल्या चपला पाहिजे होत्या. वेळ दोन्ही दिवशी तीच. गणपतनं घड्याळ लावून बघितलं, सेकंदाचा फरक नव्हता.

शनिवारी ओव्हरसिअर कुलथे साहेब कौतिकाच्या दारात आले. मागं गणपत, त्याच्या काखेत वही.

कौतिका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. चाळिशीला टेकल्यावर तिला हे पोर झालं होतं. नवरा रामनाथ दुधाचा टँकर चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा आणि आला की झोपायचा. दिवसाला हजार विडी वळायची, पोर सांभाळायचं, वर लोकांचं ऐकायचं. लाडावून ठेवलंय, म्हणायचे. दोन ठेवून दे, म्हणायचे. चैत्रात तिनं एक ठेवून दिली होती. दुर्वाच्या गालावर संध्याकाळपर्यंत बोटं दिसत होती. त्यानंतर कौतिकानं हात उचलला नाही, पण ती बोटं तिच्या डोळ्यापुढून गेलीही नाहीत.

"बाई, मूल तुमचंच ना?" साहेबांनी विचारलं.

"मग काय भाड्यानं आणलंय? रडण्याची तक्रार आली असंल तर आधीच सांगते, माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही घेऊन जा आणि गप करून आणून द्या."

"तक्रार नाही. उलट काम समाधानकारक आहे." साहेबांनी पिशवीतून कागद काढला. "मोटर मिळेपर्यंत हाच भोंगा धरावा असं कालच्या सभेत ठरलं. एकमतानं."

"म्हणजे?"

"म्हणजे चालू आहे तसं चालू द्यायचं. तुम्हाला काही करायचं नाही."

कौतिकानं विडीचं तोंड नखानं दाबून बंद केलं. आजवर तिला कुणी असं म्हणालं नव्हतं. काही करायचं नाही. खरं सांगायचं तर तिला तेव्हा बरंच वाटलं.

शेजारची हौसामावशी, जी काल-परवापर्यंत भिंतीवर लाटणं आपटून ओरडायची, ती आता बारा व्हायच्या सुमाराला परात पुढं ओढून बसायला लागली. पोरीनं सूर लावला की ती भाकरी तव्यावर टाकायची.

"कौतिके, तुझी पोरगी वक्ताची पक्की गं बाई," ती भिंतीवरून म्हणायची. "माझ्या सुनेला एवढं कळत नाही."

रामनाथला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "नगरपरिषदेत लागली म्हण की पोरगी. आपल्या घराण्यात पहिलीच."

गणपतची बदली गच्चीवरून कौतिकाच्या ओट्यावर झाली. रोज साडेअकराला तो यायचा, चपला काढून ठेवायचा, वही मांडीवर घ्यायचा. स्वभावानं गरीब माणूस. पोरीचा आवाज सुरू झाला की तो उठून उभा राहायचा, जसा गच्चीवर राहायचा, आणि आवाज थांबल्यावर लिहायचा: "मंगळवार. कारण: स्वतःची सावली उचलून हातात पाहिजे. वेळ: साडेचार मिनिटे. ऐकू आले: वेशीपासून स्मशानापर्यंत." दुसऱ्या दिवशी: "कारण: केळ सालीत परत घालून पाहिजे. वेळ: पाच मिनिटे. मध्ये एकदा श्वास अडकला, परत सुरू झाला."

"श्वास अडकल्याचं कशाला लिहिता, बाबा?" कौतिका विचारायची.

"यंत्राचंही लिहायचो पोरी. अडकलं की लिहायचं. नंतर आपल्यावर यायला नको."

महिना असा गेला. मग एका सोमवारी कारखान्यात पानं कमी आली आणि कौतिकाची मांडी रिकामी राहिली. एरवी तिच्या मांडीवर सूप असायचं आणि सुपात तंबाखू, म्हणून पोरीला तिथं मज्जाव. त्या दिवशी दुर्वा आली, आईच्या मांडीकडे बघत उभी राहिली आणि हळूच बसली. कौतिकानं तिच्या टाळूवर फुंकर घातली. का घातली ते तिलाही सांगता आलं नसतं, केसात विडीच्या पानाचा चुरा अडकला होता तो उडवायला असेल. दुर्वानं मान टाकली. कौतिका फुंकत राहिली. साडेअकराला पोर झोपलं.

घड्याळात बारा झाले. गणपत ओट्यावरून आत डोकावला.

"कौतिकाबाई, झोपलंय?"

"दिसत नाही का? गप बसा. अडीच वर्षांत पहिल्यांदा दिवसाची झोपलीय."

"पण गाव—"

"गावाला म्हणावं आज घड्याळ बघा."

गावानं घड्याळ बघितलं, पण घड्याळ ज्याचं त्याचं. शाळेत पोरं खिचडीच्या ताटापुढं हात बांधून बसली. कारखान्यातल्या बायांनी सुपं खाली ठेवली नाहीत. कौतिका पोरीच्या शेजारी आडवी झाली आणि तिलाही डोळा लागला. अशी झोप तिला बाळंतपणानंतर लागली नव्हती. दुर्वा दोन वीसला उठली, आई उठायच्या आधी उठली म्हणून भडकली, आणि पिंपळतळ्यात बारा वाजले.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. कौतिकाला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं, तिनं बोट ठेवून वाचली. "सकाळी साडेअकरा ते भोंगा पूर्ण होईपर्यंत पालकाने भोंग्यास मांडीवर घेऊ नये, थोपटू नये, फुंकर घालू नये, तसेच अन्य कोणत्याही प्रकारे भोंग्याची समजूत काढू नये."

ती नोटीस घेऊन नगरपरिषदेत गेली, पोर कडेवर.

"साहेब, हे पोर माझं आहे."

"कोण नाही म्हणतं?" कुलथे साहेब म्हणाले. "साडेअकरापर्यंत तुमचंच आहे. बारा पाचच्या पुढं परत तुमचंच. मधला अर्धा-पाऊण तास तेवढा गावाचा."

"आणि त्या अर्ध्या तासात ती माझ्याकडे हात करून रडली तर मी काय करू?"

"काही करायचं नाही, बाई. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"तुमच्या पोराला असं टाकून बघा एकदा जमिनीवर."

"माझा मुलगा मोठा झाला," साहेब म्हणाले. "शिवाय त्याचा आवाज लहान होता."

कौतिकानं तोंडाला येईल ते सुनावलं. कारकुनांनी ऐकून घेतलं, एकानं तिला पाणी दिलं. मग मोटरची चौकशी केल्यावर कळलं की भोंगा चालू असल्यामुळं मोटरची मागणी रद्द झाली आहे.

त्या दिवसापासून साडेअकराला ती उंबऱ्याच्या आत आणि दुर्वा बाहेरच्या खोलीत, मधे गणपत. खबरदारी म्हणून गणपतला आता रोज एक बिस्किट दिलं जायचं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना तो ते कागदातून काढायचा, दुर्वाला दाखवायचा, तिनं हात पुढं केला की तिच्या डोळ्यादेखत मोडायचा आणि दोन तुकडे तिच्या तळहातावर ठेवायचा. त्याला दोन नाती होत्या. मोडताना तो तोंड बाजूला करायचा.

"माफ कर गं बाय," म्हणायचा.

दुर्वा तुकडे एकमेकांना लावून बघायची. लागायचे नाहीत. मग पडायची.

आधी ती आईकडे हात करायची. पाच मिनिटं हात तसेच हवेत. कौतिका आतल्या खोलीत सूप मांडीवर घट्ट धरून बसायची आणि विडी वळायची, आणि त्या पाच मिनिटांत वळलेल्या विड्या कारखान्यात हमखास नाकारल्या जायच्या, ढिल्या असायच्या. बारा पाचला गणपत वही मिटायचा की ती धावत जायची. पण तोवर पोरीचं रडून झालेलं असायचं. समजूत काढायला काही उरलेलं नसायचं.

पंधरा दिवसांनी दुर्वानं हात करणं सोडलं. छताकडे बघून रडायची. नंतर नंतर बारा पाचला कौतिका जवळ गेली तरी ती अंग ताठ करायची, जसं परक्यानं उचललं तर करतात तसं. हौसामावशी म्हणाली, "बघ, शहाणी व्हायला लागली." कौतिकाला ते लक्षण शहाणपणाचं वाटलं नाही. जन्माला आली तेव्हापासून ह्या पोरीनं जगाशी भांडण मांडलं होतं, मोडलेलं परत जोडून द्या म्हणून. ते भांडण कौतिकाला नकोसं झालं होतं, खरंच झालं होतं. पण भांडतंय म्हणजे त्याला आशा आहे, हे तिला आता कळायला लागलं.

मग तो मंगळवार आला.

गणपतनं बिस्किट काढलं, दाखवलं, मोडलं. दुर्वानं दोन्ही तुकडे घेतले. जोडून बघितले नाहीत. एक तुकडा गणपतच्या हातात परत दिला, दुसरा स्वतःच्या फ्रॉकच्या खिशात ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. पाय लांब केले. म्हातारी माणसं बसतात तशी.

बारा वाजले नाहीत.

गणपतनं दुकानातून दुसरं बिस्किट आणून मोडलं. तिचं खेळणं काढून घेतलं. फ्रॉक उलटा घातला. ती करू देत होती. हात वर कर म्हटलं की करत होती.

"दुर्वे," कौतिका उंबऱ्यातून म्हणाली. "ए बाय. काय पाहिजे तुला?"

"काही नको," दुर्वा म्हणाली.

अडीच वर्षांत हे दोन शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

घड्याळं एकावर गेली, दोनवर गेली, साडेतीनवर गेली. ऊन भिंतीवरून उतरलं, पण गावात दुपार झालेली नव्हती. शाळेत पहिलीतली दोन पोरं ताटावरच कलंडली. ताटं काही कुणी उष्टी केली नाहीत. कारखान्यात बायांची बोटं चालूच होती, एकीच्या अंगठ्यातून रक्त आलं तरी. वरच्या आळीत एक म्हातारा सकाळी वारला होता, त्याला बारानंतर उचलायचं ठरलं होतं. तिरडी बांधून तयार होती, खांदेकरी उभे होते, आणि म्हाताऱ्याची बायको ज्याला त्याला विचारत होती, "अजून नाही का वाजले?"

चारच्या सुमारास सगळे विडीगल्लीत आले. पुढं कुलथे साहेब. कुणी आरडाओरडा केला नाही. माणसं उपाशी असली की आवाज खाली येतो.

साहेब दारात वाकून म्हणाले, "बाई, गणपतचे सगळे उपाय झाले. आता तुम्हीच."

"मी काय? मला तर काही करायचं नाही ना?"

"आज करायचंय. एक चापट. फक्त एक. आम्ही मारली तर ते बरं दिसणार नाही."

"माझी मयत उन्हात पडलीय गं," म्हातारी मागून म्हणाली. "तुझ्या पाया पडते. एकच दे."

हौसामावशी भिंतीवरून बघत होती. तिच्या हातात थापलेली भाकरी होती, सकाळची, वाळून कडा तडकलेली. "कौतिके, आईचा मार लागत नसतो," ती म्हणाली.

कौतिका पोरीपुढं जाऊन बसली. गल्ली बघत होती. तिनं आल्या माणसांनी सांगितलेली शाळेतली पोरं आठवली. तो रक्ताचा अंगठा आठवला. एक चापट म्हणजे काय, पूर्वी दिली होतीच की, पोरगी त्यानं मेली नाही. तिनं हात वर उचलला.

दुर्वानं हाताकडे बघितलं. रडली नाही, मागं सरकली नाही. तिनं डोळे मिटले आणि गाल पुढं केला. फ्रॉक घालताना हात वर करत होती, तितक्याच शहाण्यासारखा.

कौतिकाचा हात वरच राहिला.

मग ती बसल्या जागी उताणी पडली. लुगडं वर सरकलं, अंबाडा सुटला. तिनं टाचा आपटल्या. शेणानं सारवलेल्या भुईचे पोपडे उडाले. तिनं श्वास आत ओढला तो संपेचना. चाळीस वर्षं, हजार विडी रोज, गालावरची पाच बोटं, हवेतले ते हात, एकही परत जागेवर जाणार नव्हतं. ओठ निळे पडले. आणि मग तिनं सूर लावला.

तो वेशीपासून स्मशानापर्यंत गेला. त्याच्याही पुढं, ओढ्यापलीकडच्या वाडीला ऐकू गेला, असं नंतर वहीत नमूद झालं.

गल्लीतल्या माणसांनी क्षणभर एकमेकांकडे बघितलं.

"वाजले," कुलथे साहेब म्हणाले.

माणसं पांगली. हौसामावशी तव्याकडे वळली. वरच्या आळीत तिरडी उचलली गेली. शाळेत पोरांना जागं करून घास भरवले. कौतिका पडल्या जागी ओरडतच होती, आणि दुर्वानं डोळे उघडले. तिनं खिशातून बिस्किटाचा तुकडा काढला आणि आईकडे निघाली.

गणपत मधे आला. "थांब बाय. भोंगा चालू आहे," तो म्हणाला. "समजूत काढायची नसते."

दुर्वा थांबली.

बुधवारी दुरुस्तीचा कागद आला. भोंग्याच्या नावापुढं "दुर्वा रामनाथ भालेकर" खोडून "कौतिका रामनाथ भालेकर" लिहिलं होतं, बाकी मजकूर तोच. पालकाने समजूत काढू नये, हेही तसंच. पालकाच्या जागी सही पाहिजे होती, तिथं गणपतनं दुर्वाच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला.

"आणि मला रडायला नाही आलं तर?" कौतिकानं विचारलं. तिचा घसा बसला होता. "रोज काय तेच यायचंय का?"

"काही करायचं नाही पोरी," गणपत म्हणाला. "मी आहे ना."

बारा वाजायला दहा मिनिटं होती. त्यानं कागदातून बिस्किट काढलं आणि कौतिकाला दाखवलं. साधं ग्लुकोजचं बिस्किट, कडेला दातऱ्या, मधोमध अक्षरं. कौतिकाला हसू आलं. एवढ्यावर कुणी रडतं का, असं ती म्हणणारच होती. तिनं हात पुढं केला.

गणपतनं तोंड बाजूला केलं आणि बिस्किट मोडलं.

दोन तुकडे तिच्या तळहातावर आले. तिनं ते एकमेकांना लावून बघितले. कडेचा थोडा चुरा खाली सांडला होता, तो आता कुठून आणणार? तिनं परत लावून बघितले. मग परत.

दुर्वा भिंतीजवळून उठली. तिनं तंबाखूचं सूप दोन्ही हातांनी ओढत बाजूला केलं, कात्री उचलून कोनाड्यात ठेवली, आणि आईचं डोकं जिथं आपटणार होतं तिथं वाकळेची घडी सरकवली. मग आपल्या जागी जाऊन पाय लांब करून बसली.

बारा वाजले. हौसामावशीनं भाकरी टाकली.

पाच मिनिटांनी गणपतनं वहीत लिहिलं, "कारण: बिस्किट अख्खे पाहिजे," आणि वही मिटली. वही मिटल्याचा आवाज आला तेव्हा दुर्वा उठली, आईच्या डोक्याशी जाऊन बसली, आणि तिच्या टाळूवर फुंकर घालायला लागली. कौतिकानं अंग ताठ केलं.